स्थळ घेऊन आलेली बाई

सोम., ३ फेब्रु.

पिक्चरसाठी ठरवलेली पुण्याची बाई येत नाही. सकाळी फोन आला, सिरियल मिळाली म्हणे. सगळ्यांची तोंडं पडली. मला मात्र मनातून हायसं वाटलं. तिला वेगळी खोली, बाटलीतलं पाणी आणि कडेगावात न मिळणारी कसलीशी कॉफी लागणार होती, आणि ते सगळं बघणार कोण, तर मी.

हे हायसं वाटणं जेवणापर्यंत टिकलं. भाकरी मोडता मोडता हे म्हणाले, "तूच कर की ताराक्का." म्हटलं, अहो, लग्न झाल्यापासून मी स्टुडिओच्या काउंटरवर बसून लोकांना 'हनुवटी खाली, डोळे उघडे' सांगते, मला ॲक्टिंग कुठली येणार? तर म्हणे, ताराक्काला तरी कुठं काय येतं, म्हणून तर ती हिरॉईन आहे.

हे म्हणजे आता डायरेक्टर. दुसऱ्यांची लग्नं शूट करून कंटाळले, जन्मात एक तरी पिक्चर काढायचाच म्हणतात, आणि तोही खुनाचा. वहीत यापुढे डा. लिहीन, हात दुखतो.

दुपारी गोष्ट परत वाचली. शिराळ्याचा माणूस कडेगावच्या उसात मरून पडलेला सापडतो. साप चावला म्हणून सगळे गप्प बसतात. ताराक्का लग्नं जुळवणारी बाई. तिला पटत नाही. जन्म नागपंचमीचे नाग हाताळण्यात गेलेला शिराळ्याचा माणूस सापावर पाय देईलच कसा? मग ती स्थळ घेऊन एकेका घरात शिरते. स्थळ आहे म्हटलं की जमीन किती, पितो का, परवा रात्री कुठं होता, काहीही विचारता येतं, वर चहा मिळतो. गोष्ट मला पहिल्यापासून आवडायची. पण तेव्हा ती बाई मी नव्हते.

बुध., ५ फेब्रु.

पहिला दिवस. प्रेत म्हणून शेजारचे टेलर. पाचट नाकात जाऊन सारखे शिंकत होते.

डा. 'कट' म्हणतच नाहीत. लग्नात अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत, त्यामुळे कॅमेरा एकदा चालू केला की बंद करायचा नाही, ही जुनी सवय. निखिल वैतागला. तो सांगलीचा, बँकेत नोकरी, हौशी नाटकात बक्षिसं घेतलेला. पिक्चरमध्ये माझा भाचा. त्याला खोटा नवरामुलगा करून मी घरोघर फिरते. "सर, कट म्हणा हो, मला कळत नाही मी अजून भाचा आहे की निखिल." डा. म्हणाले, चालू राहू दे, काहीतरी चांगलं सापडतं.

माझं म्हणजे आनंदच. बोलताना हातांचं काय करायचं तेच कळेना. पर्सला धरले तर चोरासारखी दिसते, सोडले तर लोंबतात. टेलर पडल्या पडल्या एक डोळा उघडून म्हणाले, "वैनी, माझ्यापरीस तुमीच जास्त मेल्यागत दिसताय."

जेवून येतो तर ऊसतोड टोळी आलेली. कारखान्याची तोड मिळाल्यावर मालक कुणासाठी थांबतो? खून झाला ती सरी डोळ्यांदेखत तुटून ट्रॉलीत गेली. डा. डोकं धरून बांधावर बसले, मग उठून तेच शूट करायला लागले. आता गोष्टीत पुरावा कारखान्यात जातो. आधीपेक्षा बरं झालं, असं मला वाटतं.

रवि., ९ फेब्रु., जत

माळाप्पांच्या घरी उतरलोय. मागे त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग डा.नी केलं होतं, त्या ओळखीवर घर मिळालं. दोन खोल्या, पुढे मोठं अंगण, बाजूला मेंढरांचा वाडा, शाळू काढायला आलेला. संशयित माणसाचं घर म्हणून हे दाखवायचं. माळाप्पा भला माणूस, त्यांना संशयित म्हणायची लाज वाटते.

शॉट चालू असताना पाण्याचा टँकर आला. सगळी वस्ती घागरी घेऊन पळाली, आमचे जमवलेले गावकरी पण. डा.नी कॅमेरा बंद केला नाही. मीही एक घागर भरून दिली.

माळाप्पांची रेणुका. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पिक्चरमध्ये निखिलला दाखवायची मुलगी तीच, आणि एकदा सांगितलं की तिला कळतं. मला हेवा वाटला. संध्याकाळी चुलीपाशी बसून बोललो. तिचं खरंच ठरत आलंय. मुलगा मिल्ट्रीत, नाव हणमंत, घर आमच्याच कडेगावच्या पलीकडे. पसंती झालीय, तो सुट्टीवर आला की सुपारी. आधी आलेली स्थळं तिनं नाकारली होती. म्हटलं, ह्याच्यात काय पाहिलंस?

"बघाया आलते तवा आमा दोगास्नी बोलाया बाजूला सोडलं. त्यांनी मला इचारलं, तुला काय इचारायचंय का. कुणी इचारत न्हाई ताई. मी म्हनलं, मेंढरं आवडत्यात का तुमाला? तर म्हनले, भ्या वाटतंय, ल्हानपणी एडक्यानं पाडलंय मला. कुणाला सांगू नगा, मिल्ट्रीत हाय मी." ते लोक गेल्यावर ती पदर तोंडात कोंबून हसली म्हणे. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आज रविवार, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा दिवस. आला. रेणू बसली ती आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला अव्वा, म्हणजे तिची आजी, फोनमध्ये डोकं घालून. जेवला का, जेवलो. थंडी हाय का, हाय. संपलं. मला बघवेना.

मंगळ., ११ फेब्रु.

सुपारीचा सीन झाला. सुटलो.

पिक्चरमध्ये ताराक्का मुद्दाम प्रकरण सुपारीपर्यंत नेते, म्हणजे संशयिताच्या घरचे सगळे एका जागी येतील आणि कोण आलं नाही ते कळेल. डा.ना सांगितलं होतं, दोन मिनिटांचं काम, वर वर करा. पण लग्नाच्या शूटिंगवाल्याला विधी अर्धा घेताच येत नाही. खरे गुरुजी बोलावले. बापाच्या कामाला माळाप्पाच बसले, कारण नट म्हणून आणलेल्या माणसाला भंडारा कसा उधळतात तेच माहीत नव्हतं. वस्तीवरची माणसं धुतलेले कपडे घालून आली. अव्वानं नथ घातली. हे पिक्चरचं आहे, असं तिला दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली आणि कन्नडमधून काहीतरी म्हणाली, त्यावर बायका हसल्या. काय ते मला कळलं नाही.

सगळं झालं, कुंकू लागलं, सुपारी फुटली, भंडारा उडाला. फक्त रेणू हसेना. डा. खुणा करतायत, हस, हस. पोरगी दगड. मी तिच्या शेजारीच बसलेले, ताराक्का म्हणून. वाकून कानात म्हटलं, "ह्या निखिलकडं बघून कुणाला हसू येणार? हणमंत बसलाय तिथं, आणि मागनं एडका यायलाय, असं समज."

काय हसली पोरगी! खाली बघून, मग वर, मग परत खाली. निखिलसुद्धा लाजला. डा.नी कॅमेऱ्यामागून मला अंगठा दाखवला. मला पहिल्यांदा वाटलं की हा पिक्चर होईल.

बुध., १२ फेब्रु., घरी

परतलो. स्वतःच्या गादीवर पाठ टेकली. जतचं काम संपलं, फक्त शेवटचा एक शॉट राहिलाय, त्याला रेणू परत लागेल.

कार्डं सगळी भरलीत. डा.ना म्हटलं, नको ते पुसून टाका आता, निम्म्यात तर टँकर आहे. ते स्टुडिओच्या स्टेटसला कालची क्लिप टाकत होते. रोजच्या हाताने, रोजच्या साच्यात: कडेला गुलाब, मागे सनई, वर सोनेरी अक्षरात 'शुभ सुपारी', खाली स्टुडिओचं नाव. म्हटलं, अहो, हा खुनाचा पिक्चर आहे. म्हणाले, असू दे, छान दिसतंय. खरंच छान दिसत होतं. मीही हसून सोडून दिलं.

शुक्र., १४ फेब्रु.

रेणूचा फोन. आधी नुसतं रडणं.

क्लिप हणमंतच्या घरी पोचली. त्याच्या चुलतबहिणीचं लग्न आम्हीच केलेलं, तिच्याकडे स्टुडिओचा नंबर. तिनं स्टेटस पाहिलं, उतरवून घेतलं, आणि घरात सगळ्यांना पाठवलं. हणमंतलाही. त्याच्या आईचा माळाप्पांना फोन: दुसरीकडं सुपारी फोडली, आमाला एका शब्दानं सांगायचं तरी. माळाप्पा म्हणाले, पिक्चर हाय तो. तर बाई म्हणाल्या, "पिक्चरात खरा बाप, खरी आजी आन खरं गुरुजी असत्यात व्हय?" आणि फोन ठेवला.

हणमंत फोन उचलत नाही.

मी डा.ना काय काय बोलले ते लिहीत नाही. स्टेटस तर कधीच गेलं होतं, तरी ते फोन उघडून परत परत बघत बसले. शेवटी म्हणाले, "माझ्या हातून पोरीचं मोडलं गं." पिक्चर काय, राहिला तर राहिला. त्या पोरीनं आयुष्यात एक माणूस स्वतः निवडला होता.

शनि., १५ फेब्रु., जत

दोघंही गेलो. माळाप्पांनी चहा दिला, दोष दिला नाही. त्यानं जास्तच अपराधी वाटलं. फुटलेल्या सुपारीची भकलं त्यांनी भंडाऱ्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलीत. टाकायची कशी, असं त्यांना झालंय.

अडचण एक नाही, दोन आहेत. अव्वा म्हणते, सुपारी देवासमोर फुटली, बापानं शब्द दिला, आता तो पोरगा नवरा. निखिलचं लग्न झालंय, त्याला मुलगी आहे, हे सांगितलं. अव्वा म्हणाली, "मग त्यानं फोडाया नको हुती." त्या दिवशी बायका कशाला हसल्या ते आज विचारलं. अव्वा म्हणाली होती, पिक्चर तर पिक्चर, एकदाची सुपारी तर फुटली.

रेणू शाळूच्या रानात बसून होती. डोळे सुजलेले. मी तिला म्हटलं, मी जाते हणमंतच्या आईकडे. तोंडातून निघून गेलं. नंतर गाडीत मनात आलं, कॅमेऱ्यासमोर लिहून दिलेली वाक्यं मला बोलता येत नाहीत, तिथं कोण लिहून देणार?

येताना निखिलच्या बायकोचा डा.ना फोन. तिच्यापर्यंतही क्लिप गेलीय. पाच मिनिटं डा. नुसतं "नाही वहिनी, नाही वहिनी" करत होते. एरवी मी हसले असते.

सोम., १७ फेब्रु.

जाऊन आले. एकटीच गेले. डा.ना म्हटलं, तुम्ही आणि तुमचा कॅमेरा घरी.

घाईत हाताला आली ती साडी नेसले. एस.टी.त बसल्यावर बघते तर ताराक्काची. पर्स पण तिचीच. आता काय उतरून जाणार?

घर नीटनेटकं, दारात ऊस, भिंतीवर हणमंतचा वर्दीतला फोटो. आई माझ्याच वयाच्या. ओळख सांगितली, तसं त्यांनी पाणी दिलं. मी माफी मागितली, स्टेटसचं सांगितलं, टेलर प्रेत झाले तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पिक्चर हाय ते कळलं आमाला. आमी काय अगदीच हे न्हाई."

मग अडलंय कशात? तर काही नाही म्हणतात. मग मी विचारत गेले. पोरगा कधी बोलला, काय बोलला, जेवतो का नीट, घरात आणखी कुणाला पसंत नव्हतं का. एका प्रश्नातून दुसरा. चहा आला. दुसरा आला. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"त्यानं तो व्हिडू बघितला. मला म्हनला, आई, माझ्यासंगं फोनवर ही पोरगी भिताडागत बसती. व्हय आन न्हाई. मला वाटायचं, लाजरी आसंल. आन तिथं बघ की कशी हसतीया. नाटकात का असंना, तसलं हसू येतंय की तिला. माझ्यासाठी येत न्हाई. मग कशाला तिच्या मागं लागायचं."

सुपारी नाही, गुरुजी नाही, लोक काय म्हणतील तेही नाही. हसणं अडलंय. मी सांगितलं, ते हसू तुमच्याच मुलाचं आहे, मी तिच्या कानात त्याचंच नाव घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी चांगल्या हाय. पर तुमी आता असंच म्हननार."

बरोबर आहे. मीही विश्वास ठेवला नसता.

परत येताना लक्षात आलं की तासभर मी हातांचा विचारच केला नाही.

मंगळ., १८ फेब्रु.

सकाळी दात घासता घासता आठवलं. त्या सीनमध्ये कॉलर माईक मला लावला होता. ब्लाउजच्या आत. कानात बोललेलं त्यात आलं असणार.

तशीच ब्रश घेऊन डा.कडे पळाले. ते म्हणाले, कुठलं कार्ड? नको ते पुसा असं मीच बजावलं होतं, आणि हा तर ती हसायच्या आधीचा कुजबुजीचा भाग, पिक्चरला काडीचा उपयोग नाही.

डा. शांतपणे कपाटाकडे गेले. "पार्टी अल्बम नेईपर्यंत रॉ शूटिंग पुसायचं नाही," म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी पुसलंय का?" ह्या एका वाक्यावर मी त्या माणसाचं सगळं माफ केलं. स्टेटससकट.

हेडफोन लावून बसलो. गुरुजी, भंडारा, कोणाचं तरी पोर रडतंय. मग माझा आवाज, एवढा स्पष्ट की मलाच लाज वाटली. निखिलकडं बघून कुणाला हसू येणार. एडका. आणि मग रेणूचा आवाज, हसू दाबत, जे मी त्या दिवशी धड ऐकलंही नव्हतं: "गप बसा की ताई. त्यांच्यासंगं बोलताना अव्वा मधी बसती. न्हाईतर रोजच हसले आसते मी."

डा.नी हेडफोन काढला आणि चष्मा पुसला. कट म्हणत नाही म्हणून ह्या माणसाला सगळ्यांनी किती नावं ठेवली होती.

गुरु., २० फेब्रु.

आधी रेणूला विचारलं. तिचं आहे ते, तिला न विचारता कसं दाखवणार. ती म्हणाली: "एडक्याचं त्यांनी कुणाला सांगू नगा म्हनलं हुतं." म्हटलं, तेच ऐकून तर त्याला खरं वाटेल. "बरं. दावा. पर त्यांच्या आईला सांगा, हसू नगा म्हनावं त्यांना."

हणमंतच्या आईंसमोर फोनवर लावलं. एकदा बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. "परत लावा." एडक्याच्या जागी त्या थांबल्या. "हे कुणी सांगितलं हिला?" म्हटलं, त्यानंच, बघायला आला तेव्हा. त्या फोटोकडे बघून एकदम हसायला लागल्या. मुलगी हसू नका म्हणाली होती, हे सांगायला मी विसरले. "मला वाटलं विसरला आसंल. त्यो एडका मग आमी इकला. हा घरातनं भाईर पडंना म्हनून."

पाठवा त्याला, म्हणाल्या. मी काही सांगत नाही, त्याचं त्यानं ऐकावं. मी पाठवलं. दोन खुणा पडल्या, निळ्या झाल्या नाहीत. तो असतो त्या वरच्या भागात नेट नसतं म्हणे. दाराबाहेर पडताना त्यांनी मला कुंकू लावलं. अजून काही झालेलं नाही, तरी एस.टी.त खिडकीला डोकं टेकून मी झोपून गेले आणि कडेगाव उलटून पुढे गेले.

रवि., २३ फेब्रु.

दिवसभर फोनकडे बघत. डा. स्वतः चहा करून देतायत.

संध्याकाळी रेणू. आवाजावरूनच कळलं. त्याचा फोन आला. व्हिडिओ. उचलल्या उचलल्या पहिलं काय बोलला, तर, "अव्वा कुठं हाय?"

"मेंढराकडं गेलीया."

"मग बस जरा."

पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताराक्कानं विचारलं असतं. मी फोन ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं. डा.ना सांगितलं तर ते तिथंच खुर्चीत बसले. आज भाकरी गोड लागली दोघांना.

बुध., २६ फेब्रु., शिवरात्र, जत

आता अव्वा. पोरापोरींचं जुळलं हे तिला मान्य, पण दिलेला शब्द आधी सुटला पाहिजे. कसा सुटणार? तर ज्यानं घेतला त्यानं बिरोबासमोर उभं राहून परत करायचा.

निखिल सुट्टी टाकून आला. बायको-मुलीला घेऊन. किंबहुना बायकोच त्याला घेऊन आली. देवळात ती अव्वाच्या शेजारी उभी राहिली, दोघी मिळून निखिलकडे बघत होत्या. त्यानं भंडारा वाहिला, हात जोडले. वाक्य गाडीत पाठ केलेलं. आणि बक्षिसं घेतलेला हा नट देवासमोर अडखळला. "मी… म्हणजे… पिक्चरमधला होतो. खरा नाही. माझं लग्न… ही आहे माझी… शब्द परत." घाम फुटलेला.

अव्वानं त्याला बघितलं आणि माळाप्पांना म्हणाली, "खरं बोलतंय पोरगं. नाटक करनारा आसता तर चांगला बोलला आसता." बायकोनंही मान डोलवली. ती भकलं माळाप्पांनी झाडाखाली पुरली. मग उपासाचं शाबू आणि रताळी. निखिलच्या मुलीला मेंढराचं कोकरू सोडवेना. किती दिवसांनी मोकळेपणानं जेवले.

शनि., १ मार्च, जत

शेवटचा शॉट. खुनी सापडलाय, ताराक्का मुलीच्या घरी येऊन सांगते की स्थळ खोटं होतं, आणि माफी मागते. माझं सगळ्यात लांब वाक्य. रेणू समोर, माळाप्पा खाटेवर, अव्वाला ह्या वेळी शंभर वेळा बजावलेलं. सकाळपासून चुकतेय. हात परत लोंबायला लागले. डा. म्हणाले, घाई नाही, चालू आहे.

निम्म्या वाक्यात माझा फोन वाजला. बंद करायला विसरले होते. पर्समधून काढला तर हणमंतची आई. डा.कडे बघितलं, ते कॅमेऱ्याला डोळा लावून. उचलला.

"ताई, कुठं हाय?"

म्हटलं, इथंच, जतला, त्यांच्याच दारात.

"मग बरं झालं. माळाप्पास्नी सांगा. रजेचा अर्ज केलाय त्यानं, मंजूर न्हाई झाला अजून. बारडरच्या लाइनीवर हाय त्यो, कवा हुईल काय सांगता येत न्हाई. पर झाला की सुपारी. मधी तुमीच ऱ्हावा. आन हे बघा, ती तसली नगं. नवी आना."

मी तसंच्या तसं माळाप्पांना सांगितलं. रेणू आत पळाली. अव्वा कन्नडमधून काहीतरी म्हणाली, ह्या वेळी मी अर्थ न कळताच हसले.

डा.नी कॅमेरा बंद केला नव्हता. घरी येऊन बघितलं. म्हणतात, आख्ख्या पिक्चरमध्ये तू इथंच चांगली दिसतेस, हात बघ कसे चाललेत. ठेवायचा का हा शॉट? म्हटलं, रेणूला विचारा, त्यांच्या घरच्यांना विचारा, मग ठरवा. तोवर स्टेटसला काही टाकायचं नाही. बरं म्हणाले. पिक्चरचं नावही अजून ठरत नाही.

रजेचं काही कळलेलं नाही. येताना बाजारात उतरून मी सुपारी घेतली, चांगली निवडून, आणि काउंटरच्या खणात ठेवली.